पाणी बघायला माग्डेबुर्गला

माग्डेबुर्गला कुणी मुद्दाम जात नाही. जर्मनीत आलेला मराठी माणूस म्युनिकला उतरतो, बर्फाचे डोंगर बघतो, ऱ्हाईनमध्ये बोटीत बसतो, बर्लिनला भिंतीपाशी फोटो काढतो आणि घरी जाऊन सांगतो की जर्मनी झाली. बर्लिनच्या अलीकडे सपाट माळावर हे शहर पसरलेलं आहे हे त्याच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये चार वर्षं नोकरी करून मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो. २००७च्या उन्हाळ्यात गेलो, तो वडिलांना घेऊन. आणि आम्ही गेलो होतो सोयरीक बघायला.

माझी धाकटी बहीण मनीषा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी आणि दुसरी तिची. हे मी कुठेही सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. तिच्याच कॉलेजातला प्रसाद माग्डेबुर्गच्या युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होता. पुढची नोकरीही त्याला तिथेच मिळणार होती. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. घरात त्यावरून जी भांडणं व्हायची ती होऊन गेली होती. राहिलं होतं एकच, मुलाचं घर बघणं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, माझ्याकडे महिनाभर आले होते, तेव्हा ते कामही याच फेरीत उरकायचं ठरलं.

निघायच्या आधी मनीषाचा फोन आला. म्हणाली, "दादा, मुलगा बघत बसू नकोस, तो मी चार वर्षं बघितलाय. तू गाव बघ. राहायचं मला आहे तिथे."

मग आईचा फोन आला. ती अण्णांना म्हणाली, "बाकी काय बी बघू नका. पाणी बघा."

हे आईचं बोलणं समजायला आमचा तालुका माहीत हवा. आम्ही दुष्काळी माणदेशातले. आई कृष्णाकाठची. तिचे वडील सोयरीक बघायला आमच्या गावी आले तेव्हा अण्णांनी नुकतंच शिलाईचं दुकान टाकलं होतं. आजोबांनी नवंकोरं मशीन बघितलं, त्याचं चाक फिरवून बघितलं, पोटभर जेवले आणि शब्द देऊन गेले. विहीर बघितली नाही. त्यानंतर गावात नळ येईपर्यंत आईने डोक्यावरून पाणी आणलं. दर उन्हाळ्यात ती एकदा तरी वडिलांना आठवून म्हणते, "आमच्या दादांनी मशीन बघितलं, हीर न्हाई बघितली."

अण्णांचं यावरचं मत वेगळं. "त्यो जेवला तिथं चुकला," ते म्हणतात. आमच्याकडे सोयरीक ठरेपर्यंत मुलाच्या घरी जेवत नाहीत. चहा चालतो, सुपारी चालते. जेवलं की शब्द दिला. आणि अण्णांचा शब्द एकदा गेला की तो परत येत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत. म्हणून माझ्या बायकोने दोन दिवसांची शिदोरी बांधून दिली. थालीपिठं, दशम्या आणि आईने विमानातून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी.

बर्लिनला गेलेली पिशवी

म्युनिकहून निघालेली गाडी न्यूर्नबर्गनंतर डोंगरात शिरते. येनापर्यंत खिडकीबाहेर सारखं काहीतरी उठून दिसत असतं, एखादा कडा, एखादा किल्ला, नदीचं वळण. अण्णा टोपी सावरत सगळं बघत होते. लाइपझिगला गाडी बदलायची होती. मी दोन्ही बॅगा घेतल्या, अण्णांनी छत्री घेतली आणि आम्ही उतरलो. गाडी हलली. मग अण्णा म्हणाले, "पिशवी?"

"कुठली पिशवी?"

"जेवणाची."

मी आपला थोडं अंतर धावलो, तसं सगळेच धावतात. गाडीला काय त्याचं.

"कुठं गेली रं ती गाडी?"

"बर्लिनला."

अण्णांनी रुळांकडे छत्री रोखली. "म्हंजे थालीपिठं बर्लिन बघणार," ते म्हणाले. "आपल्या नशिबात माग्डेबुर्ग."

(पिशवी नंतर परत मिळाली, चटणी शाबूत होती. थालीपिठांविषयी न बोललेलं बरं.)

लाइपझिगनंतर जमीन सपाट होत जाते. माग्डेबुर्ग जवळ आलं तसं झाड दिसेना, टेकडी दिसेना. बीटाची आणि गव्हाची शेतं आभाळाला जाऊन टेकलेली. मी गार्चिंगचा माणूस. आमच्याकडे आभाळ स्वच्छ असलं की आल्प्स दिसतो. मला वाटलं, बिचारी मनीषा, या पाटावर येऊन काय करणार? पण अण्णांनी खिडकीला नाक लावलं होतं. नुकत्याच नांगरलेल्या एका तुकड्याकडे बोट करून म्हणाले, "काळी हाय की रं! आणि बांध कुठायत?"

"नसतात इथे. मोठमोठी शेतं आहेत."

"एक बी बांध न्हाई?" अण्णांना हे पटेना. "मग ही माणसं भांडत्यात तरी कशावरनं?"

प्रसादचं गाव

प्रसाद स्टेशनवर उभा होता. उंच, बारीक, चष्मेवाला. त्याने भर फलाटावर वाकून नमस्कार केला. शेजारून चाललेली एक बाई थांबली, तिला वाटलं याचं काहीतरी खाली पडलं. अण्णांनी आशीर्वाद दिला आणि माझ्या कानात म्हणाले, "पॅन्ट दोन बोटं आखूड हाय."

"अण्णा, पॅन्ट बघायला सांगितली नाहीये."

"डोळ्याला दिसलं ते बोललो."

प्रसादने दोन दिवसांत काय काय दाखवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. परीक्षेला बसल्यासारखा तो बोलत होता, आणि तसं बघितलं तर परीक्षाच होती. माग्डेबुर्ग महायुद्धात जवळजवळ सगळं जळलं. म्हणून जुन्या गल्ल्या शोधायला गेलात तर निराश व्हाल. रस्ते मात्र असे रुंद की आमच्या तालुक्याचा बाजार एका रस्त्यात बसेल आणि वर बैलगाड्या सोडायला जागा उरेल. या रुंद, करड्या रस्त्यावर एकदम एक गुलाबी इमारत समोर येते. सरळ रेघ म्हणून कुठे नाही, खिडक्या वेड्यावाकड्या, काही खिडक्यांतून चक्क झाडं बाहेर आलेली, वर सोनेरी गोळे आणि छपरावर गवत. लोक लांबून लांबून ती बघायला येतात.

"छपरावर गवत मुद्दाम लावलंय?" अण्णांनी विचारलं.

"हो अण्णा. उन्हाळ्यात घर गार राहतं."

"आमच्या धाब्याच्या घरावर आपोआप उगवायचं. आमची म्हातारी आम्हाला वर चढवून उपटायला लावायची." अण्णा मान मागे टाकून बघत राहिले. "राहू दिलं असतं तर आज तिकीट लावलं असतं."

तिथून जवळच एक स्मारक आहे. या गावच्या एका जुन्या नगराध्यक्षाने धातूचे दोन अर्धे गोळे एकमेकांना लावले, आतली हवा काढून घेतली, आणि मग दोन्ही बाजूंना घोडे जुंपले तरी ते सुटले नाहीत. हा प्रयोग मी गावच्या शाळेत सायन्सच्या पुस्तकात वाचला होता. चित्रात ते घोडे असे ताणलेले होते की मी त्यांना पेनाने घाम काढला होता. त्या पुस्तकातल्या गावात मी उभा आहे याचा मला, खरं सांगतो, फार अभिमान वाटला. अण्णांना मी सगळं समजावून सांगितलं.

"आत काय होतं?"

"काहीच नाही. पोकळी."

"मग धरलं कुणी?"

"बाहेरच्या हवेने. चारी बाजूंनी दाबून."

अण्णांनी विचार केला. "म्हंजे आत काय न्हाई, आणि बाहेरच्यांनी दाबून धरलंय. अशी लग्नं लई बघितली मी."

प्रसाद हसावं की नाही या विचारात पडला. शेवटी हसला नाही.

मग कॅथेड्रल. माग्डेबुर्गला गेलात आणि एवढंच बघून परत आलात तरी चालेल. आत एका खांबाशी साखळ्यांचं चिलखत घातलेला एक काळा संत उभा आहे, ओठ जाड, नाक बसकं, आफ्रिकेतला. साडेसातशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी आपल्या देवळात काळा माणूस संत म्हणून बसवला! अण्णांनी त्याला टोपी काढून हात जोडले. एका दारापाशी दहा तरुण मुलींच्या दगडी मूर्ती आहेत. एका बाजूच्या पाच खुदुखुदु हसतायत, दुसऱ्या बाजूच्या पाच छाती बडवून रडतायत. दगडात इतकं खरं हसू आणि रडू मी कुठे बघितलं नाही.

"ह्या का रडत्यात?"

प्रसादने बायबलातली गोष्ट सांगितली. दहा जणी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघत होत्या. नवरदेवाला यायला फार वेळ लागला. पाच जणींनी जास्तीचं तेल आणलं होतं, त्यांना आत घेतलं. बाकीच्यांचं तेल संपलं, त्या बाहेर राहिल्या.

"उशीर कुणी केला?"

"नवरदेवाने."

"आणि रडायचं पोरींनी?" अण्णांनी प्रसादकडे असं बघितलं, जणू उशीर त्यानेच केला होता. प्रसाद म्हणाला, "मी स्टेशनवर अर्धा तास आधी आलो होतो, अण्णा." पहिल्यांदा अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

नळ

प्रसाद राहतो ती इमारत कम्युनिस्ट काळातली, एकसारख्या खिडक्यांची, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. आम्ही बसलो, त्याने बाटलीतलं पाणी दिलं. अण्णांनी मोठा घोट घेतला आणि डोळे विस्फारले. "ह्ये पाणी खवळलंय!"

जर्मन लोक पाण्यात गॅस भरून पितात हे सांगायचं आम्ही दोघंही विसरलो होतो. मी नेहमी नळाचंच पितो, घरात त्यामुळे हा प्रश्न आलाच नव्हता. प्रसाद धावत नळाचं पाणी आणायला गेला आणि अण्णा त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. नळाखाली हात धरला.

"किती वाजता येतं?"

"कायम असतं."

"रातचं बी?"

"हो. मी आल्यापासून एकदाही गेलं नाही."

अण्णांनी नळ बंद केला, मग आणखी थोडा पिळला, खाली बोट लावून थेंब येत नाही ना ते बघितलं. मी म्हटलं, "झालं की अण्णा. आईला फोन करू? पाणी बघितलं."

"नळ बघितला," अण्णा म्हणाले. "पाणी उद्या बघू."

ओट्यावर सगळा स्वयंपाक तयार होता. पिठलं, भात, बटाट्याची भाजी, आणि कुठून मिळवली कोण जाणे, हिरवी मिरची. लसणाच्या फोडणीचा वास खोलीभर होता. प्रसादला आमची रीत मनीषाने सांगितली होती, पण पिशवी बर्लिनला गेल्याचं कळल्यावर त्याला आशा वाटली असावी. "अण्णा, थोडंसं..."

"चहा टाक," अण्णा म्हणाले.

रात्रीचं जेवण म्हणून आम्ही स्टेशनसमोरच्या टपरीवर बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. मुलीकडचा म्हणून मीही जेवायचं नव्हतं. परत येऊन गाद्यांवर पडलो तेव्हा मी विचारलं, "त्याच्या घरी झोपलेलं चालतं का?"

"झोपंत मीठ नसतं," अण्णा म्हणाले आणि कुशीवर वळले.

पाण्यावरून पाणी

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. मला माहीत होतं, तरी आदल्या दिवशी काही घेऊन ठेवायचं सुचलं नाही. चहा पिऊन आम्ही जिना उतरत होतो तोच दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. सत्तरीच्या एक बाई, कापलेले पांढरे केस, हातात गाडीची किल्ली. या फ्राउ क्र्यूगर, म्हणजे क्र्यूगरबाई, प्रसादच्या शेजारीण. प्रसादच्या यादीतला पाण्याचा पूल शहराबाहेर आहे, रविवारी बस कमी, म्हणून त्या आम्हाला त्यांच्या गाडीतून नेणार होत्या.

त्यांनी अण्णांचा हात हातात घेऊन हलवला, टोपीकडे कौतुकाने बघितलं आणि मग जिन्याच्या पायऱ्या दाखवत भडाभडा काहीतरी बोलल्या. प्रसादचे कान लाल झाले.

"काय म्हणत्यात?"

"काही नाही, अण्णा. असंच."

मी चार वर्षं इथे आहे, मला सगळं कळत होतं. मी सांगून टाकलं. या इमारतीत जिना धुवायची पाळी असते. एकेक आठवडा एकेका घराची, दाराला पाटी अडकवतात. प्रसादची पहिली पाळी आली तेव्हा त्याने घरी धुतात तसा जिना धुतला. चौथ्या मजल्यावरून दोन बादल्या सरळ ओतल्या आणि खराटा मारत खाली आला. पाणी त्याच्याआधी पोचलं, सगळ्यांच्या दारांखालून आत, आणि शेवटी तळघरात, जिथे फ्राउ क्र्यूगरचे बटाटे होते.

"दोन बादल्या?" अण्णांनी थांबून विचारलं. "जिन्यावर?"

"आमच्याकडे असंच धुतात की, अण्णा," प्रसाद म्हणाला. तो गगनबावड्याचा. तिथे पाऊस एकदा लागला की महिनाभर थांबत नाही.

"दोन बादल्यांत आमच्या घरात चौघांची आंघोळ व्हायची."

गाडीत अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. मला कळत होतं, मामला अवघड झालाय. पाण्याच्या गावचा मुलगा, पाण्याच्या गावात, आणि त्याने पाणी जिन्यावर ओतलं.

शहराच्या उत्तरेला एल्ब नदीवरून एक कालवा जातो. नीट वाचा, नदीवरून. कालव्यासाठी पूल बांधलाय. लोखंडाचं लांबच लांब पन्हाळं म्हणा, त्यात पाणी भरलेलं, आणि त्या पाण्यातून मालाची जहाजं एका काठावरून दुसऱ्या काठाला जातात. खाली नदी तिच्या वाटेने वाहत असते. आम्ही आधी खालून बघितलं. आमच्या डोक्यावरून एक आख्खं जहाज गेलं. मागच्या बाजूला वाळत घातलेला टॉवेल आणि भुंकणारं कुत्रं. मग वर चढून पाण्याच्या कडेकडेने चाललो. वारा असा की अण्णांनी टोपी खिशात ठेवली. दोन्ही बाजूंना दृष्टी जाईल तिथवर सपाट जमीन, आणि त्या सपाटीत हे दोन मजली पाणी. आल्प्सची बढाई मी तिथे मनातल्या मनात परत घेतली.

"ह्ये पाणी कुणाच्या रानात जातं?"

"रानात नाही अण्णा," प्रसाद म्हणाला. "जहाजांसाठी आहे."

"पितं कुणी?"

"नाही."

अण्णांनी कठड्याला दोन्ही हात टेकले. "आमच्या वढ्यावर माणसांसाठी पूल न्हाई," ते म्हणाले. "हितं पाण्यासाठी बांधलाय." मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं. नवी नदी ओलांडताना आपण टाकतो तसं टाकायला हात उचलला आणि थांबले. समोरही पाणी, खालीही पाणी. मग नदीच्या बाजूला गेले आणि वाकून खाली टाकलं. "वरचं माणसानं आणलंय. नदी ती."

परत गाडीकडे जाताना ते माझ्याशी हळू बोलले. "एवढं पाणी असल्यावर माणसं पाण्याला इचारत नसतील. आपली मनी तांब्याभर पाण्यात चार भांडी धुणारी. तिचा जीव ऱ्हाईल का हितं?"

प्रसाद पुढे चालला होता, त्याची मान ताठ झालेली मागून दिसत होती. त्याने ऐकलं होतं.

पिंप

येताना फ्राउ क्र्यूगरने गाडी वळवली. जर्मन शहरांच्या कडेला लहान लहान बागांच्या वसाहती असतात, प्रत्येकाचा हातभर तुकडा आणि त्यात एक खोपट. रविवारी दुपारी कॉफीच्या वेळेला त्या आपल्या बागेत जातातच, पाहुणे असोत नसोत. आम्हाला खुर्च्यांवर बसवून त्या खोपटाच्या मागे गेल्या. अण्णा हात मागे बांधून बाग बघत बघत त्यांच्या मागे गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली.

खोपटाच्या पन्हाळीखाली एक निळं पिंप होतं. वर लाकडी झाकण, झाकणावर वीट. बाईंनी वीट उतरवली, झाकण तिरकं केलं, डबा बुडवून पाणी घेतलं आणि लगेच झाकण लावून वीट परत ठेवली. ते पाणी त्यांनी टोमॅटोच्या बुडाशी धार धरून घातलं. नंतर नळाच्या पाण्यात वाडग्यातल्या वाडग्यात स्ट्रॉबेरी धुतल्या, आणि ते धुतलेलं पाणी उचलून कोपऱ्यातल्या झुडपाला नेऊन टाकलं.

आई भाजी धुतलेलं पाणी कढीलिंबाला टाकते. अगदी तसंच, भांडं शेवटी झटकून.

"प्रसाद," अण्णांनी हाक मारली, "ह्यांना इचार, दारात एवढी नदी असताना पिंप कशाला?"

फ्राउ क्र्यूगरना तो प्रश्नच विचित्र वाटला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "नदी नदीची. पाऊस माझा. तो का सोडायचा?" आणि मग प्रसादकडे वळून दोन बोटं वर करत, "याला सांगा! दोन बादल्या!"

प्रसादने भाषांतर करायच्या आतच अण्णांनी बोटं बघून ओळखलं. त्यांनीही दोन बोटं वर केली, मान हलवली, आणि कपाळावर हात मारला. "गेनाऊ!" बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. दोघंही प्रसादकडे बघायला लागले. तो बिचारा वाडगा धरून उभा.

"आता नाही ओतत," तो दोन्ही भाषांत म्हणाला. "आता ओल्या फडक्याने पुसतो. यांनीच शिकवलं."

स्ट्रॉबेरीचा वाडगा अण्णांनी एकट्याने संपवला. हे मुलाचं घर नव्हतं, तेव्हा हरकत नव्हती. बाई समाधानाने बघत होत्या. मग अण्णा म्हणाले, "इचार त्यांना. नळ यायच्या आधी तुमच्यात पाण्याला बायका कुणाबरोबर जायच्या?"

बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्या लहान होत्या तेव्हा शहर जळलं. त्यानंतर रस्त्यावरच्या पंपाशी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं. आई, शेजारणी, सगळ्या. बटाटे कुठे मिळतायत ते तिथे कळायचं. कुणाचा नवरा परत आला तेही तिथेच. मग नळ पुन्हा सुरू झाले. मग या इमारती आल्या, आणि बायका मागच्या अंगणात एकत्र कपडे वाळत घालायला लागल्या. त्या दोऱ्यांचे लोखंडी खांब सकाळी आम्ही बघितले होते, अण्णांना वाटलं होतं शेरडं बांधायला असतील. भिंत पडल्यावर तरुण मंडळी कामासाठी पश्चिमेला गेली. "आता गुरुवारी मी एकटीच घालते," त्या म्हणाल्या. "बारा दोऱ्या आणि माझे चार टॉवेल."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग प्रसादकडे वळले. "आता तू सांग. माझी पोरगी पाण्याला कुणाबरोबर जाईल?"

मला वाटलं, हा आता युनिव्हर्सिटीतली भारतीय मंडळी, दिवाळीचा कार्यक्रम वगैरे सांगणार. मी त्याच्या जागी असतो तर तेच सांगितलं असतं.

"कुणाबरोबर नाही, अण्णा," प्रसाद म्हणाला. "खोटं कशाला सांगू? इथे मराठी अशी चार मुलं आहेत, बाईमाणूस एक नाही. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी स्टेशनवर जाऊन बसायचो, नुसती माणसं बघायला. मनीषाला सगळं सांगितलंय. ती म्हणते, मी भाषा शिकून येते. पण तुम्ही विचारताय तसं आज तिला इथे कुणी नाही."

फ्राउ क्र्यूगर आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, की वडील विचारतायत, मुलगी इथे आली तर तिला सोबत कोण.

बाईंनी भुवया उंचावल्या. "गुरुवारी नऊला कपडे घेऊन खाली ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "मला इंग्लिश येत नाही. शाळेत रशियन शिकलेय, तेही विसरले. मी जर्मन बोलणार आणि हळू बोलणार नाही. शिकायचं असेल तर शिकेल. आणि चिमटे स्वतःचे आणायचे."

मी शब्द न् शब्द अण्णांना सांगितला. अण्णांनी चिमट्यांपाशी पुन्हा विचारलं, "सवताचे?"

"स्वतःचे."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले.

जेवण

संध्याकाळी नदीपलीकडच्या बागेतला लाकडी मनोरा बघायचा राहिला होता. बाहेरून गोल गोल वर जाणारी वाट, आणि वरून म्हणे सगळा माळ दिसतो. तुम्ही गेलात तर चढा. आम्ही लांबूनच बघितला. अण्णा म्हणाले, "घरी चल. पाय दुखत्यात."

चौथ्या मजल्यावर पोचल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. नळ करंगळीएवढा सोडून हात धुतले, बंद केला, टॉवेल शोधून हात पुसले आणि टेबलाशी बसले. प्रसाद चहाचं भांडं काढत होता.

"चहा नको," अण्णा म्हणाले. "कालचं पिठलं हाय का?"

प्रसाद भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. "आहे. शिळं आहे, अण्णा. मी ताजं करतो, दहा मिनिटांत..."

"शिळंच चांगलं लागतं. वाढ."

त्याने वाढलं. थोडं पिठलं ताटाबाहेर सांडलं. अण्णांनी ते बोटाने निपटून ताटात घेतलं. मी माझं ताट स्वतःच घेतलं, मला कुणी विचारायची वाट बघण्याइतका दम नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन आला. आमच्याकडून दोन दिवसांत काही कळलं नव्हतं, तेव्हा तिनेच बूथवर जाऊन लावला होता. मी फोन अण्णांच्या कानाला धरला. आईचा आवाज मला टेबलापलीकडेही ऐकू येत होता.

"पाणी कसं हाय?"

अण्णांनी घास गिळला. "जेवतोय."

मग, "कुणाच्या घरी?"

"पोराच्या."

"जेवलासा?" आई ओरडली. "मला न इचारता? आणि पाणी? पाणी बघितलं का तिकडं पण मशीनच बघितलं?"

"बघितलं. लई हाय. नदीवरनं पाणी नेलंय, त्याच्यावरनं जहाजं जात्यात. पण त्ये सोड. हितं खाली एक म्हातारी राहती. तिनं पावसाचं पाणी पिंपात धरलंय. मनीला कापडं वाळत घालायला बोलावलंय तिनं."

प्रसाद भाताचा डाव हातात घेऊन उभा होता.

"पिंपाला झाकण हाय का?" आईने विचारलं.

"हाय. वर वीट बी हाय."

"मग जेवा," आई म्हणाली.